नाव ठरण्याआधीचे शब्द

४ सप्टेंबर, गुरुवार

"शब्द आधी कानाला आवडू द्यावा, मग त्याचा अर्थ विचारावा. माणसांचं मात्र उलटं करावं." ईनिड हे म्हणाल्या त्याला वीस वर्षं तरी झाली. मी या घरी सून म्हणून पहिल्यांदा आले होते. मागच्या दारी बसून त्या सफरचंदं सोलत होत्या आणि न तुटलेली एक लांबच लांब साल त्यांच्या मांडीवरून खाली लोंबत होती. बोलणं कशावरून निघालं ते काही केल्या आठवत नाही. ईनिड जाऊन दोन हिवाळे झाले. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, त्याच्याही आधी न्यूझीलंडला गेला आणि तिकडचाच झाला. मी इथेच राहिले, या एल्डरहोप गावात, कुंपणापलीकडच्या छोट्या घरात. लोकांचा नवरा राहतो आणि सासर तुटतं. माझं सासर राहिलं.

आज चर्चच्या मनोऱ्यात घंटांचा सराव संपल्यावर आम्ही सहाही जण नेहमीसारखे समोरच्या पबमध्ये बसलो होतो. ऑस्वल्डनी, माझ्या सासऱ्यांनी, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी माझी रचना वाजवायची."

ईनिड गेल्या त्या हिवाळ्यात त्यांनी ही रचना केली हे आम्हाला ठाऊक होतं, पण ती वाजवायचं त्यांनी कधी काढलं नव्हतं. आमच्या घंटा गाणी वाजवत नाहीत. सहा घंटा एकामागून एक वाजतात आणि दर फेरीला आपली जागा बदलतात. कोणी कधी कोणाच्या पुढे जायचं, कोणाच्या मागे, हे ज्यानं बसवलं त्याची ती रचना. पाऊण तास, एकही चूक न होता. आणि जे सहा जण नवी रचना पहिल्यांदा शेवटपर्यंत नेतील, त्यांना तिचं नाव ठेवायचा मान. नोव्हेंबरात घंटा खाली उतरवणार आहेत, तुळया किडल्यात. पुन्हा वर कधी चढतील ते कोणी छातीठोकपणे सांगत नाही. ऑस्वल्ड एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत.

"नाव ईनिडचंच ना?" म्युरिएलने विचारलं. तिने सगळा जन्म पोस्टाच्या खिडकीमागे काढला. अजूनही ती आपण रांगेत उभे असल्यासारखं बोलते.

"नाही. माणसाचं नाव नको. गावाचं नको, संताचं नको. साधा एक इंग्रजी शब्द. कानाला गोड लागेल असा. बोला, आपल्या भाषेत सगळ्यात गोड शब्द कोणता?"

"ग्रेव्ही," डिल्विन म्हणाला. त्याची डोंगरावर मेंढरं आहेत.

"डिल्विन, तुझं पोट बोलतंय."

"पोटालाही कान असतात, म्युरिएल. बायकोनं चुलीपाशी हा शब्द उच्चारला की मी वरच्या कुरणातून ऐकतो."

टजसाहेब म्हणाले 'पॅव्हिलियन'. त्यावर त्यांची बायको म्हणाली, "यांचा कानसुद्धा क्रिकेटच्या मैदानात पडलेला असतो." स्वतः तिनं 'लॅव्हेंडर' सुचवला. म्युरिएलचा शब्द होता 'सेटल्ड'. "पैसे मिटले, भांडण मिटलं, गाळ खाली बसला, सगळ्याला एकच शब्द. आणि ऐकायलाही कसा, दार ओढून घेतल्यासारखा."

"अर्थ नको सांगूस," मी म्हटलं. "नुसता आवाज बघायचा."

"अर्थावाचून आवाज कसा बघणार, बाई? ताटावाचून जेवण?"

ऑस्वल्ड आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ही शोधेल. हिचा कान चांगला आहे."

एक मात्र पाळायचं. रचना वाजेपर्यंत मनोऱ्यात तिचं नाव काढायचं नाही. घंटा ऐकतात आणि शेफारतात, असं इथले जुने लोक म्हणत. म्हणून शब्द घरीच बोलायचे.

७ सप्टेंबर, रविवार

दिवसभर तोंडात शब्द धरून हिंडते. मी काम करते त्या रोपवाटिकेत डेलियाची सुकलेली फुलं खुडत होते आणि जिभेवर 'थिसल' होता. अर्थ काटेरी झुडूप, पण आवाजात एकही काटा नाही. जिभेचं टोक दातांना जेमतेम शिवतं, मग बारीक झुळूक जाते आणि शेवटी जीभ टाळूला टेकून निजते. माळीबुवांनी विचारलं, "काय पुटपुटतेस?" मी म्हटलं, "काही नाही, गोळी चघळतेय."

संध्याकाळी ऑस्वल्डकडे गेले. मागचं दार बराच वेळ ठोठावलं, शेवटी स्वतःच उघडून आत गेले. ते दचकले.

"दिव्यापाशी बस," ते म्हणाले. "अशी नाही, समोर. हं. आता म्हण."

म्हटलं. ते माझ्या ओठांकडे इतक्या एकाग्रतेने बघत होते की मला शाळेतल्यासारखं वाटलं.

"नको."

मग 'सिल्क' म्हटला. नको. 'विस्पर', म्हणजे कुजबुज. नको. 'हश', मूल निजवताना ओठांवर बोट ठेवून म्हणतात तो. त्यावर नुसती मान हलवली.

मला राग येऊ लागला होता. निघता निघता सहज म्हणून 'मूर' म्हटलं, वरच्या उघड्या माळाचं नाव. त्यांनी डोळे मिटले.

"पुन्हा म्हण."

म्हटलं.

"पुन्हा."

चारपाचदा म्हणायला लावलं. त्या एका अक्षरात केवढा माळ आहे! ओठ मिटतात, मग गोल होतात, आणि मधलं सगळं मोकळं, वाऱ्याला वाव देणारं. घरी येताना मी तोच शब्द म्हणत आले आणि कुंपणाचं फाटक उघडंच राहिलं.

१४ सप्टेंबर, रविवार

डॅमसन काढायला गेलो होतो. ही आंबट जांभळी फळं अंगावरच्या धुक्यासकट काढावी लागतात. बोट लागलं की धुकं पुसलं जातं. मी शिडीवर होते, ऑस्वल्ड खाली टोपली धरून. वरून मी शब्द सुचवत होते. त्यांनी एकालाही हूं की चूं केलं नाही. खाली उतरल्यावर म्हणाले, "आज गप्प गप्पशी होतीस." दुःखात असलेला माणूस दुसऱ्यालाच गप्प समजतो.

आता मला त्यांची आवड कळू लागली आहे. 'मेलो' आवडतो, पिकून मऊ झालेल्याला म्हणतात तो. 'लल' आवडतो, थोपटून शांत करणारा, 'मूर' तर आवडतोच. 'गोल्डन' आवडला. पण ज्या शब्दांत फुंकर आहे, सळसळ आहे, ते सगळे नको. 'फेदर' नको, 'सॉफ्ट' नको, 'मिस्ट' नको. मला तर तेच सगळ्यात सुंदर वाटतात.

दुपारी जॅमची पातेली घासताना त्याचं कारण सुचलं आणि हात थांबले. ईनिडचा आवाज शेवटच्या महिन्यात गेला होता. त्या फक्त कुजबुजायच्या. सगळं घर त्या श्वासांच्या शब्दांनी भरलेलं असायचं आणि ऑस्वल्ड त्यांच्या तोंडापाशी वाकलेले असायचे. फुंकरीचे शब्द त्यांना सोसत नसणार. रेडिओही त्यांनी ईनिड गेल्यावर पुढच्याच वसंतात चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजाराला देऊन टाकला, विचारलं तर म्हणाले, "बातम्या पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत."

किती हळवा माणूस. यापुढे असले शब्द त्यांच्यापुढे काढायचे नाहीत.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सराव वाईट झाला. जिना उतरताना म्युरिएलने माझी बाही धरली.

"अगं, तुझे सासरे मागे पडतायत. आपण सगळे वाजवून बसतो आणि मोठी घंटा जांभई देत येते."

"रचना अवघड आहे, म्युरिएल."

"रचना त्यांचीच आहे, बाई."

तिचं खोटं नव्हतं. घंटा दोर ओढल्याबरोबर वाजत नाही. ती वर उलटी उभी असते, आधी पूर्ण गिरकी घेते, मग तिचा आवाज येतो. मोठ्या घंटेची गिरकी अधिकच सावकाश. कोणाच्या मागून ओढायचं ते डोळ्यांना कळतं, समोरच्यांचे हात वरखाली होताना दिसतात. पण आपली घंटा नेमकी कुठे पडली, दोन आवाजांच्या बरोबर मधे की जरा पुढे, हे कानच सांगतो. ऑस्वल्डची घंटा आज कधी पुढच्याच्या अंगावर आदळत होती, कधी एवढी फट सोडत होती की त्यातून मेंढरू जाईल. हे डिल्विनचे शब्द.

त्यांना विचारलं तर म्हणाले, "छोट्या दोघी हल्ली लाजतात." छोट्या दोन घंटा म्युरिएलची आणि माझी. मला वाटलं, आम्हीच हलक्या हाताने ओढतोय की काय. पुढच्या वेळी जोर लावीन.

२५ सप्टेंबर, गुरुवार

धुकं. मनोरा अर्धाच दिसतो, वरचा भाग कोणी खोडून टाकल्यासारखा. जोर लावला, काही फरक पडला नाही.

आजचा शब्द 'ग्लोमिंग'. दिवेलागणीच्या आधी जो उजेड कोणाचाच नसतो, तो. ऑस्वल्ड म्हणाले, "हा माझ्यापर्यंत पूर्ण येतो." मला हे बोलणं फार आवडलं. शब्द निघतो, वाटेत थोडा सांडतो, आणि कोणापर्यंत किती पोचेल काही सांगता येत नाही. झोपेपर्यंत हेच मनात घोळत राहिलं.

हल्ली ते मला नावाने हाक मारत नाहीत हे आज लक्षात आलं. 'पोरी' म्हणतात, किंवा नुसतंच खाकरतात. हेस्टर हे नाव त्यांना पूर्वी आवडायचं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

म्युरिएल शेजारच्या गावातून नेव्हिल नावाच्या गृहस्थांना घेऊन आली. उंच, नम्र, घंटांच्या बाबतीत फार नावाजलेले. "नुसते बघायला आलेत," म्हणाली. ते कोपऱ्यात टोपी गुडघ्यावर ठेवून बसले आणि त्यांनी पूर्ण सराव डोळे मिटून ऐकला. मोठ्या घंटेच्या वेळी त्यांच्या भुवया हलत होत्या.

पबमध्ये ऑस्वल्डनीच त्यांना ग्लास भरून दिला. "कशी वाटली?"

"रचना सुंदर आहे," नेव्हिल म्हणाले.

"रचना," ऑस्वल्ड म्हणाले आणि हसले. "मुलगी बघायला आलेला माणूस घराची तारीफ करतो, तसं झालं हे."

डिल्विन पोट धरून हसला. म्युरिएल हसली नाही.

मी नेव्हिलना त्यांचा शब्द विचारला. ते लाजले, मग म्हणाले, "रिमेम्बर. त्यात तीन घंटा वाजतात, मधली सगळ्यात जड." हा शब्द मी रोज वापरते आणि कधी ऐकलाच नव्हता.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आम्ही कशीबशी अर्ध्यापर्यंत जातो. मग मोठी घंटा ढळते आणि ऑस्वल्ड "उभ्या करा", म्हणजे घंटा थांबवा, म्हणून ओरडतात. आपल्याच चुकीवर आपणच हुकूम देतात. आज तिसऱ्यांदा असं झाल्यावर टजबाईंनी दोर गुंडाळता गुंडाळता म्हटलं, "माझे हात भरून आलेत." खरं म्हणजे हात कोणाचेच भरून आले नव्हते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहून काढते.

रचना आज लागली होती. पंधरा-वीस मिनिटं सगळं असं ओळीत पडत होतं की मी मोजणंच सोडून दिलं. दोर आपोआप हातात येत होता. मोठी घंटासुद्धा थोडीशीच मागे होती, सवयीच्या माणसाचं लंगडणं असतं तेवढी. आणि वीज गेली.

खिडकीबाहेर मिट्ट काळोख, आत त्याहून. पण आम्ही वाजवत राहिलो! कोणी ठरवलं नाही, थांबायचं कोणालाच सुचलं नाही. म्युरिएलची घंटा, माझी, टज दोघांच्या, डिल्विनची, काळोखात एकमेकींच्या मागोमाग चालत होत्या, घरच्याच खोल्यांतून दिव्यावाचून वावरल्यासारख्या. मला भीती वाटली नाही. उलट इतकं स्वच्छ मी कधी ऐकलं नव्हतं.

फक्त मोठी घंटा नव्हती. पहिल्या फेरीला ती दोघींच्या मधे घुसली. दुसऱ्या फेरीला भलतीकडेच वाजली. मग वाजलीच नाही, आणि मग अचानक एकदा, लांबून, वाट चुकलेल्या गुरासारखी.

"उभ्या करा!" ऑस्वल्ड ओरडले. हा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

थोड्या वेळाने वीज आली. पाचही जणांचे दोर हातात होते. ऑस्वल्ड भिंतीला पाठ लावून उभे होते, आणि ते आमच्याकडे बघत होते, एकाकडून दुसऱ्याकडे, पटापट, आम्ही काय बोलतोय ते शोधत. आम्ही काहीच बोलत नव्हतो.

"वीजवाल्यांना म्युरिएलनं तक्रारीचा अर्ज द्यावा, बरोबर शिक्का मारून," डिल्विन म्हणाला. ऑस्वल्ड सगळ्यांनंतर हसले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

'थिसल', 'सिल्क', 'विस्पर', 'हश', 'फेदर', 'सॉफ्ट', 'मिस्ट'.

'मूर', 'मेलो', 'लल', 'गोल्डन', 'ग्लोमिंग'.

सकाळपासून डेलियाच्या वाफ्यात हेच म्हणत बसले होते, आधी या ओळीतले, मग त्या ओळीतले. आणि मागचं दार, रेडिओ, दिव्यापाशी समोर बस.

मी त्यांची आवड शोधत होते. कुजबुजीचं केवढं सुंदर कारण मी रचलं होतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

चर्चनंतर दोघं पेअरच्या बागेत गेलो. गवतात पडलेल्या फळांवर गांधीलमाश्या होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि हळू, ओठ नीट हलवत विचारलं, "किती दिवस झाले?"

त्यांनी एक पेअर उचललं, पुसलं, परत ठेवलं.

"ईनिड गेली त्याच्याही आधीपासून. आधी पाखरं गेली. बारीक चिवचिवणारी. मला वाटलं, हिवाळा कडक होता, मेली असतील. मग तुझी आणि म्युरिएलची घंटा. शब्दांची तर गंमतच. पूर्ण जात नाहीत. कडा जातात. तू 'थिसल' म्हणालीस ना, मला मधला एवढासा 'इ' ऐकू आला. बाकी नुसतं तोंड हललं, माशासारखं."

"मग यंत्र का लावत नाही कानाला?"

"लावलं होतं. शहरात जाऊन. चमचे, बश्या, वर्तमानपत्र, सगळं अंगावर आलं. घंटांचं तर विचारू नकोस, पत्र्याच्या डब्यात खिळे. काढून खणात टाकलं."

"मला सांगायचं होतं."

"काय सांगायचं? एल्डरहोपचा घंटाप्रमुख बहिरा झाला? मनोऱ्यात म्हातारा चुकतो तेव्हा त्याला शिव्या देतात. त्या मी खातो, चालतात. बहिरा चुकला की 'बिचारा' म्हणतात. ते मला नको. कोणाला सांगणार नाहीस, शब्द दे."

दिला. दुसरं काय करणार होते?

मग मी विचारलं, इतके दिवस मला रोज शब्द म्हणायला का लावलं, नाव तर त्यांना स्वतःलाही ठरवता आलं असतं.

"किती उरलंय ते बघत होतो."

"शब्दांचं?"

ते गवताकडे बघून म्हणाले, "तुझं नाव मी घेत नाही, तुझ्या लक्षात आलं असेल. तोंडाला येतं गं. पण मी घेतो आणि मला ऐकू येत नाही. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं. भीती वाटते."

किती उरलंय, याचं उत्तर त्यांनी दिलंच नाही. बहुतेक घंटांबद्दल म्हणायचं असावं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

शब्द ठरला. इथेही लिहीत नाही. घंटांचा काही भरवसा नाही. एवढंच की त्यात फुंकर नाही, सळसळ नाही, आणि मी तो सगळ्यांत सुंदर म्हणून निवडलेला नाही. माझ्या आवडीचे शब्द सगळे फुंकरीच्या ओळीत राहिले. पण काल त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांची पाठ माझ्याकडे असताना, मी तो म्हटला आणि ते वळले.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

शेवटचा सराव. सुरू होण्याआधी म्युरिएलने मला जिन्यात गाठलं.

"शनिवारी मोठी घंटा नेव्हिल घेतील. एकदाच संधी आहे, हेस्टर. नंतर घंटा खाली जातील आणि रचना कागदावरच राहील. मला त्यांच्या चांगल्यासाठीच वाटतं. तू घरची आहेस, तू सांग त्यांना."

"रचना त्यांची आहे."

"म्हणूनच. आपलं पोर रांगताना पडून फुटलेलं बघायचंय का त्यांना?"

मला तिचा राग यायला हवा होता. पण तिचे डोळे लाल होते. चाळीस वर्षं ती त्यांच्याबरोबर वाजवते आहे. आणि खरी गोष्ट सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं, दिलेला शब्द होता.

आम्ही वर गेलो तर ऑस्वल्ड आधीच नेव्हिलच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. "मोठी तुम्ही घ्या शनिवारी," ते म्हणत होते. "माझे गुडघे कुरकुरतात. मी खाली कबरींमध्ये बाकावर बसून ऐकीन. रचणाऱ्यानं बाहेरूनच ऐकावं, तिथून खरं कळतं."

सगळ्यांचे चेहरे असे सैल झाले की बघवेना. डिल्विन म्हणाला, "शेवटी गुडघ्यांनी तरी तुमचं ऐकलं नाही म्हणायचं. आम्ही तर जन्मभर ऐकत आलो." ऑस्वल्ड हसले. तो काय म्हणाला ते त्यांना कळलं असेल असं मला वाटत नाही.

मग नेव्हिलने मोठी घंटा वाजवली. रचना सुरेख झाली, सुरुवातीपासून अर्ध्यापर्यंत, एकही फट नाही. ऑस्वल्ड भिंतीपाशी बसून आमच्या हातांकडे बघत होते. बाहेर बाकावर तर त्यांना हातही दिसणार नाहीत.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी रोपवाटिकेतून नेव्हिलकडे गेले. ते कोंबड्यांना दाणे घालत होते. मी म्हटलं, "उद्या तुम्ही माझी घंटा घ्याल का? दुसऱ्या नंबरची?"

"आणि मोठी?"

"मोठी ज्यांची आहे ते वाजवतील."

त्यांनी उरलेले दाणे एकदम टाकून दिले आणि हात झटकले. चांगला कान असलेल्या माणसाला न सांगितलेलंही ऐकू येत असावं. "तीन आठवडे मोठीच्याच जागा पाठ करत होतो," ते म्हणाले. "ऑस्वल्ड हो म्हणाले तर दुसरी रात्रीत पाठ करून घेईन."

तिथून म्युरिएलकडे गेले. तिने चहा दिला नाही, म्हणजे किती चिडली असेल. "आणि चुकले तर?"

"चुकणार नाहीत. एकटे नसतील."

"म्हणजे?"

"ते त्यांनाच विचारायचंय अजून."

शनिवार उद्यावर आला आहे. संध्याकाळ व्हायला आली. कुंपणापलीकडे त्यांच्या खिडकीत दिवा आहे आणि ते काहीतरी हातात घेऊन टेबलाशी बसले आहेत. मी जाणार आहे, दिव्यापाशी, समोर. बोलायचं ते आधी इथे लिहून बघते, म्हणजे तिथे आवाज कापणार नाही.

नवशिका दोर धरतो तेव्हा त्याच्या मागे जाणता माणूस उभा राहतो आणि चुकतंय तिथे खांद्याला बोट लावतो. आमच्या मनोऱ्यात हे फक्त पोरांसाठी करतात. घंटाप्रमुखाच्या मागे आजवर कोणी उभं राहिलेलं नाही. ते उभं केलं की खोलीतल्या प्रत्येकाला कारण कळणार, आणि जो 'बिचारा' शब्द त्यांना कानांवर नको आहे तो सगळ्यांच्या चेहऱ्यावर उमटणार. ते नाही म्हणतील. मी त्यांना ओळखते. आधी हसतील, गुडघ्यांचं सांगतील, मग उठून खिडकीपाशी जातील आणि माझ्याकडे पाठ करतील, म्हणजे पुढचं ऐकू यायला नको.

तर त्यांनी पाठ करायच्या आत म्हणायचं ते हे:

ऑस्वल्ड, उद्या मी वाजवणार नाही. तुम्ही मोठी घंटा घ्या. छोट्या दोघी मी ऐकीन. घाई झाली तर उजव्या खांद्याला बोट लावीन, उशीर झाला तर डाव्या. सगळ्यांना कळेल, हो. कळू दे. मला तुमच्या मागे उभं राहू द्या.